पावतीपुस्तकावरचा फोटो : गिरणाकाठच्या एका गावातील पंथभेदाचा वाद

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील गिरणाकाठच्या एका गावातले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या एका लहान स्वयंसेवी गटातर्फे या प्रकरणात मध्यस्थ होतो. त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

गाव सुमारे चारशे उंबऱ्यांचे आहे. मुख्य पीक कापूस, काही लिंबाच्या बागा, आणि ज्याच्या विहिरीला पाणी टिकते त्याची केळी. गावाबाहेर मरीमातेचे ठाणे आहे आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास तिची यात्रा भरते. खानदेशात अनेक गावी होते तसे येथेही भगत बारागाड्या, म्हणजे एकमेकींना जुंपलेल्या बारा गाड्या, ओढतो, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल होते, रात्री तमाशा असतो आणि नवसाचे बोकड पडतात. खर्चासाठी घरटी आणि जमिनीच्या बिघ्यामागे वर्गणी ठरते.

याच गावात महानुभाव पंथाचा उपदेश, म्हणजे अनुयायी होण्याची दीक्षा, घेतलेली अकरा घरे आहेत. बहुतेक मराठा, दोन माळी आणि एक न्हाव्याचे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या या पंथाला खानदेश परका नाही. भडगाव तालुक्यातील कनाशी हे पंथाचे मोठे तीर्थ आहे आणि गावोगाव आश्रम आहेत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून वेगळे आहेत, अशी पंथाची मांडणी आहे. देवता आहेत, त्यांना सामर्थ्यही आहे, परंतु मोक्ष देणारा परमेश्वर एकच, म्हणून उपदेशी माणसाने देवतांची भक्ती करू नये, असे पंथ मानतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पंचकृष्णांवाचून अन्य कोणापुढे तो हात जोडत नाही, अन्य देवतेचा प्रसाद घेत नाही, आणि हिंसा व मद्यमांस त्याला वर्ज्य असते. म्हणजे मरीमाता खोटी आहे असे उपदेशी म्हणत नाही. ती आपली उपास्य नाही एवढेच म्हणतो. हा भेद गावाला कधी कोणी नीट समजावून सांगितला नव्हता. तो समजावून दिला असता तरी तो कोणाला सुखावला असता, याविषयी मला शंका आहे.

या पंथाविषयीची अढी जुनी आहे आणि ती भाषेतच मुरलेली आहे. पंथाला जुन्या काळी मानभाव म्हणत, आणि आपण आजही वरवरच्या, खोट्या नम्रतेला ‘मानभावीपणा’ म्हणतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण बोलणाऱ्याला तिच्यात एका पंथाची निंदा आहे हे बहुधा ठाऊकही नसते. पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपल्या, त्यामुळे ‘यांचे काहीतरी झाकलेले असते’ हा संशय आणखी वाढला. पुढे बैठकांमध्ये ही म्हण मी निदान सहा वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी ती हसत म्हटली गेली.

तरीही गावात तीसेक वर्षे भांडण नव्हते, आणि त्याचे कारण एका वहीत होते. यात्रेचा जमाखर्च ठेवणारे जुने पोलीस पाटील उपदेशी घरांची रक्कम ‘दंगल व दिवाबत्ती’ या खात्यावर लिहीत. त्या घरांचा पैसा पैलवानांच्या इनामाला आणि रस्त्यावरच्या दिव्यांना जातो, बोकडाला जात नाही, असे दोन्ही बाजू मानून चालत. पैसे शेवटी एकाच पेटीत पडत, हेही सगळ्यांना माहीत होते. ही सोय कोणी ठरवून केलेली नव्हती, म्हणून ती कोठे लिहून ठेवलेलीही नव्हती, आणि पोलीस पाटील वारले तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली.

प्रश्न कसा उभा राहिला

यात्रा कमिटी तरुणांच्या हाती आली. त्यांनी हिशेब चोख ठेवण्याचे ठरवले, आणि माझ्या मते त्यांचा हेतू स्वच्छ होता. एकच खाते, छापील पावतीपुस्तक, पावतीच्या डाव्या कोपऱ्यात मरीमातेचा शेंदरी फोटो आणि खाली ‘यात्रोत्सव देणगी’ हे शब्द. कमिटीची पोरे उपदेशी घरांतील सर्वांत वडीलधाऱ्या आप्पांकडे पावती घेऊन गेली. आप्पांनी पैसे पुढे केले, पण पावती घेतली नाही. ‘दंगलीसाठी’ असे वेगळ्या कागदावर लिहून द्या, म्हणाले. कमिटीचे प्रमुख, ज्यांना गाव जिभाऊ म्हणते, यांना ते कळले तेव्हा त्यांनी पैसे परत पाठवले आणि चौकात उभे राहून म्हणाले, “गावना देव, गावनी वर्गणी, तुमनं येगळं काय शे?”

त्या वर्षी बारागाड्या ओढताना जुंपणीचा दोर तुटला आणि एका मुलाच्या पायावरून चाक गेले. मुलगा बरा झाला. परंतु देवी कोपली आणि ती कोणामुळे कोपली, हे संध्याकाळपर्यंत ठरून गेले होते. आखाजीनंतरच्या आठवड्यात चावडीवर बैठक झाली. तिचे इतिवृत्त नाही. जो या अकरा घरांशी व्यवहार करील त्याने पाचशे रुपये दंड भरायचा, एवढेच तेथे ठरले, असे बैठकीला असलेल्या तिघांनी मला वेगवेगळे सांगितले.

त्यानंतर पिठाच्या गिरणीवर त्यांचा डबा रांगेतच राहू लागला. निंदणीला मजूर येईनात. न्हाव्याच्या घराची गिऱ्हाइके गेली. एका घरातला भाऊ काळीपिवळी चालवीत असे, त्याची गाडी फाट्यापर्यंत रिकामी जाऊ लागली. ग्रामपंचायतीत दाखला मागायला गेलेल्या मुलाला तेथील कर्मचाऱ्याने आधी वर्गणीची पावती दाखवायला सांगितले. रस्त्यात भेटणारा माणूस या लोकांना रामराम घाली आणि ते दंडवत म्हणत, ही गावची रीत होती. तीही बंद पडली.

श्रावणात आप्पांची थोरली बहीण वारली. अक्कांचा निक्षेप करावा, म्हणजे देह शेतात पुरावा, असा त्या घराचा रिवाज होता, आणि त्यासाठी मीठ लागत असे. आप्पांचा नातू दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, “मीठ सरी गयं,” म्हणजे संपले. दाराशीच अर्धी उघडी गोणी होती आणि तिच्यात लोखंडी माप खोचलेले होते. पोराने त्या मापाकडे पाहिले, दुकानदारानेही पाहिले, आणि दोघेही काही बोलले नाहीत. मीठ चार किलोमीटरवरच्या गावाहून मोटारसायकलवर आणले गेले. खांदा द्यायला बाहेरगावचे जावई आणि भाचे होते. गावातून फक्त अक्कांच्या शेजारची एक विधवा बाई आली, आणि तिला दंड झाला. तो तिने भरला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुकाट्याने पावती घेण्याचा होता. रक्कम क्षुल्लक होती. आप्पांचे म्हणणे असे की, पैशाचा प्रश्न आधीही नव्हता आणि आताही नाही. घेतलेला उपदेश फोटोवाल्या पावतीने मोडतो की नाही हे जिभाऊंनी ठरवायचे नाही. गाव सोडण्याचा पर्याय एका घराने मनात पक्का केला होता. तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती गावात होती, परंतु तिचे अध्यक्ष यात्रा कमिटीतही होते. पोलिसांत जाण्याचा पर्याय आप्पांच्या धाकट्या मुलाला हवा होता, आणि खरी गुंतागुंत तेथेच होती.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा अशी तरतूद आहे. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होऊ शकते. परंतु हा कायदा समाजाने आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्काराविषयी बोलतो, आणि ‘समाज’ म्हणजे एकाच धर्माचे, एकाच धर्मपंथाचे अथवा एकाच जातीचे किंवा उपजातीचे लोक. येथे बहिष्कार घालणाऱ्यांत आठ-दहा जाती होत्या आणि बहिष्कृतांत तीन. म्हणजे कायद्याचा आधार घ्यायचा तर ‘आम्ही सगळे एकाच धर्माचे’ हे आप्पांनी आधी म्हणायला हवे होते. आणि जिभाऊंचा सगळा युक्तिवाद नेमका त्याच वाक्यावर उभा होता : एकाच धर्माचे आहात ना, मग पावती घ्या.

यावर आप्पांच्या अंगणात दोन रात्री चर्चा चालली. आमच्या वकिलांचे मत असे की धर्म एक असण्याने उपासना एक होत नाही, आणि घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातले स्वातंत्र्य धर्माला नव्हे, व्यक्तीला दिलेले आहे. धाकट्या मुलाला ते लगेच पटले. आप्पा मात्र बराच वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले की ‘आम्ही हिंदू नाही’ असे आमच्या घरात कोणी कधी म्हटलेले नाही, पण हे आम्हाला फौजदारापुढे लिहून द्यावे लागेल असेही कधी वाटले नव्हते.

दुसरी अडचण विरुद्ध बाजूने आली. कमिटीतल्या एका शिकलेल्या सदस्याने सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल शोधून काढला होता. मुंबई राज्याने १९४९ साली समाजबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता; दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले, आणि धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढणे हा संप्रदायाचा आपल्या धार्मिक बाबी चालवण्याचा अधिकार आहे असे म्हणून न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. त्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. यात्रा कमिटी हा धर्मसंप्रदाय नाही आणि पिठाची गिरणी ही धार्मिक बाब नाही, हे वकिलांनी सांगितले. हा युक्तिवाद त्या वेळी आमच्या सोयीचा होता. तो आमच्यावरही उलटणार होता, हे लवकरच कळले.

काय केले

मी पहिली बैठक मरीमातेच्या ठाण्यापुढच्या सभामंडपात बोलावली. गावात पन्नास माणसे बसतील अशी सावली तेवढीच, हे माझे कारण. उपदेशी मंडळी आली आणि मंडपाच्या कडेला बसली. बोलणे बरे चालले असताना कोणीतरी सवयीने प्रसादाचे ताट फिरवले. ताट आप्पांपुढे आले. त्यांनी हात न लावता मान लववली आणि ते पुढे सरकवले. मागून कोणीतरी ती म्हण उच्चारली, हशा झाला, आणि पाच मिनिटांत मंडप रिकामा झाला. बैठक शाळेत किंवा एखाद्या बांधावरच्या निंबाखाली घेता आली असती. ते मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते.

त्यानंतर आम्ही कागदाकडे वळलो. आप्पांची नववीतली नात जूनपासून एका वहीत रोजचे लिहीत होती : कोणत्या दिवशी, कोण, काय म्हणाले. आम्ही सांगितले म्हणून नव्हे, तिच्या मनानेच. पोळ्यानंतर दिलेल्या अर्जाला आम्ही त्या वहीची प्रत जोडली. पोलीस ठाण्यात प्रथम अदखलपात्र नोंद करून आम्हाला परत पाठवण्यात आले. हा कायदा जातपंचायतीसाठी आहे आणि येथे जातपंचायत कोठे आहे, असा प्रश्न होता. अधिनियमाची प्रत आणि ‘समाज’ शब्दाच्या व्याख्येवरील टिपण जोडून वरिष्ठांकडे अर्ज केल्यावर चौकशी सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या दाखल्याचा प्रश्न मात्र एका दिवसात सुटला, कारण तेथे लेखी अर्जाला लेखी नकार द्यायला कोणी तयार नव्हते.

कमिटीवर दबाव टाकण्यासारखी आणखी एक गोष्ट वकिलांना सापडली. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळींनी धार्मिक कारणासाठी पैसा गोळा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि कमिटीने ती घेतलेली नव्हती. हे आम्ही तक्रारीत लिहिले नाही. जिभाऊंना घरी जाऊन सांगितले. ती धमकी होती की सल्ला, यावर आमच्या गटात अजून एकमत नाही.

याच सुमारास काळीपिवळी चालवणाऱ्या भावाने आषाढातच गुपचूप पावती घेतली होती, असे उघड झाले. गाडीचे हप्ते थकले होते. उरलेल्या दहा घरांनी त्याच्याशी भांडण केले नाही; आश्रमाच्या पंगतीत त्याच्या पाटाशेजारचा पाट रिकामा ठेवला, एवढेच. त्याच्या बायकोला नामस्मरणाला बोलावणे बंद झाले. मी हे वकिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले की व्याख्येचा जो घोळ गावाच्या बाबतीत आहे तो येथे मुळीच नाही. एकच पंथ, एकच आश्रम, आणि तोच कायदा. मी आप्पांशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि मीठ न मिळालेल्या दिवसाविषयी पुन्हा सांगू लागले. मीही विषय पुढे रेटला नाही, कारण अर्जावर दहा सह्या होत्या आणि मला त्या गमवायच्या नव्हत्या.

काय निष्पन्न झाले

बहिष्कार मोडला तो कापसाच्या वेचणीला. उपदेशी घरांनी बाहेरगावहून मजूर बायका आणल्या, किलोमागे दर वाढवून दिला, आणि गावातल्या भूमिहीन बायकांचा हंगाम बुडू लागला. त्यांतल्या काही जणी जिभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि पाचशेचा दंड तुम्ही भरा, आम्ही उद्यापासून जातो, असे म्हणाल्या. पोलीस चौकशीचा कागदही त्याच आठवड्यात आला. या दोहोंतले अधिक वजन कशाचे होते हे मला ठामपणे सांगता येत नाही. जिभाऊंनी पुढे माझ्याशी बोलताना मात्र कागदाचा उल्लेख एकदाही केला नाही.

तहसीलदारांसमोर दोन्ही बाजूंनी निवेदन दिले. वर्गणी ऐच्छिक आहे, कोणालाही व्यवहार तोडण्यास सांगितलेले नाही, आणि जो वाद झाला तो गैरसमजातून झाला, असे त्यात लिहिले गेले. दंगल आणि दिवाबत्ती यांसाठी फोटो नसलेले वेगळे पावतीपुस्तक छापण्याचे ठरले. गुन्हा नोंदवण्याचा आग्रह उपदेशी घरांनी सोडला. धाकट्या मुलाने सही केली, पण शेवटी.

गिरणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. न्हाव्याची निम्मी गिऱ्हाइके परतली. एक घर जमीन बटाईने देऊन तालुक्याला गेले ते परत आलेले नाही. दोन मोडलेल्या सोयरिकी मोडलेल्याच राहिल्या. पुढच्या आखाजीला आप्पा दंगलीच्या फडात येऊन बसले आणि त्यांच्या रकमेतून एका पैलवानाला फेटा बांधला गेला.

काय वेगळे करता आले असते

बैठकीच्या जागेची चूक मी वर सांगितलीच आहे. नोंदी ठेवण्याचे काम एका शाळकरी मुलीने आमच्याआधी तीन महिने सुरू केले, यात तिचे कौतुक आहे आणि आमची कसूर. मजूर बायकांशी आम्ही कार्तिकापर्यंत बोललोच नव्हतो. चावडीवर त्या नव्हत्या, म्हणून आमच्याही यादीत नव्हत्या, आणि बहिष्काराची मजुरीतली किंमत त्यांना पहिल्या निंदणीपासून ठाऊक होती.

निवेदनातला ‘गैरसमज’ हा शब्द मी मान्य करायला नको होता. पाचशे रुपयांचा दंड गैरसमजातून ठरत नाही. त्या एका शब्दाने चावडीवरची बैठक कागदावरून पुसली गेली, आणि शेजारच्या विधवा बाईने भरलेले पाचशे रुपये परत मागायला आधारच उरला नाही. ते तिला अजून मिळालेले नाहीत. शब्दावर अडून बसलो असतो तर निवेदन फिसकटले असते, असे माझे सहकारी म्हणतात, आणि ते खरेही असेल. परंतु ‘बहिष्कार’ नाही तर निदान ‘ठराव’ हा शब्द तरी मी मागून पाहायला हवा होता.

जुनी सोय होती तशी परत आणावी की नाही, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. पोलीस पाटलांच्या वहीतली नोंद अर्धी खरी होती आणि तिच्यावर तीस वर्षे शांतता टिकली. नवीन दोन पावतीपुस्तके पूर्ण खरी आहेत, आणि आता कोणी कोणते पुस्तक फाडले हे सगळ्या गावाला दिसते. यंदा इतर घरांतल्याही चार-पाच तरुणांनी बिनफोटोची पावती मागितली. बोकडाला पैसे नकोत, म्हणाले. कमिटीने ती त्यांना दिली, पण नावे वेगळी लिहून ठेवली आहेत.

काळीपिवळीवाल्या भावाकडे कोणते पुस्तक न्यायचे, हे कमिटीला कळेना. पोरे दोन्ही पुस्तके घेऊन गेली. त्याने एकातही पावती फाडू दिली नाही. पैसे मोजून ओट्यावर ठेवले आणि गाडी घेऊन फाट्याकडे गेला. आश्रमाच्या पंगतीत त्याच्या शेजारी आता आप्पांची नात बसते.